विश्लेषण : पहिल्यांदा कन्फेशनला जाताना काय घडते? गुप्ततेचे बंधन नेमके कुणावर असते?

लाकडी खोकेवजा जागा, मध्ये जाळी, पलीकडे पांढऱ्या झग्यातले फादर आणि अलीकडे गुडघे टेकून रडणारा नायक किंवा खलनायक. कॅथलिक नसलेल्या बहुतेकांना ‘कन्फेशन’ माहीत असते ते हिंदी सिनेमातल्या अशा प्रसंगामुळे. वसई, मुंबई आणि गोव्यातल्या कॅथलिक घरांत मात्र हा सिनेमातला प्रसंग नसून लहानपणीचा एक टप्पा असतो. पहिल्या कम्युनियनचा पांढरा पोशाख, फोटो आणि जेवण याची घरात चर्चा होते. त्याआधी होणाऱ्या पहिल्या कन्फेशनबद्दल फारसे कुणी बोलत नाही. तिथे काय घडते, फादरांनी काय विचारायचे असते, ऐकलेले गुपित कायद्याने सुरक्षित आहे का आणि पालकांनी मुलांना कोणती गोष्ट आवर्जून सांगायला हवी, याचा हा आढावा.

कन्फेशन म्हणजे नेमके काय?

कॅथलिक चर्च सात संस्कार मानते. बाप्तिस्मा, कम्युनियन, विवाह यांसारखाच कन्फेशन हा त्यांतला एक. मराठीत त्याला प्रायश्चित्त संस्कार किंवा पापनिवेदन म्हणतात, तर गोव्यात कोकणीमध्ये ‘कुमसार’ हा शब्द रूढ आहे. चूक ओळखणे, तिचा मनापासून पश्चात्ताप होणे, ती धर्मगुरूसमोर तोंडाने सांगणे आणि त्यांनी दिलेले प्रायश्चित्त पार पाडणे, असे त्याचे टप्पे आहेत. क्षमा देव करतो आणि फादर त्याच्या वतीने ती उच्चारतात, अशी श्रद्धा आहे.

सगळे ख्रिस्ती हा संस्कार पाळत नाहीत. मराठी वाचकांना ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यामुळे ओळखीची असलेली परंपरा प्रॉटेस्टंट आहे. त्या चर्चमध्ये उपासनेच्या वेळी सर्व जण मिळून देवापुढे पापांची कबुली देतात. धर्मगुरूसमोर एकेकट्याने जाण्याची सक्ती नसते.

चूक बोलून दाखवण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. जैन परंपरेत गुरूसमोर दोष सांगण्याला ‘आलोचना’ म्हणतात आणि संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत क्षमा मागितली जाते. बौद्ध भिक्खू संघात नियमभंग सांगण्याची पद्धत आहे. वारकरी संतांनी विठ्ठलासमोर स्वतःचे दोष मोजून दाखवले आहेत. कॅथलिक पद्धतीचा वेगळेपणा असा, की इथे ऐकायला समोर माणूस असतो आणि ऐकलेले कधीही बाहेर न सांगण्याचे बंधन त्याच्यावर असते.

ही पद्धत कुठून आली?

सुरुवातीच्या शतकांत गंभीर पापांचे प्रायश्चित्त उघडपणे, सगळ्या मंडळीसमोर आणि दीर्घ काळ करावे लागे. एकांतात, पुन्हा पुन्हा कन्फेशन करण्याची पद्धत पुढे मुख्यतः आयर्लंडच्या मठवासीयांमुळे युरोपभर पसरली. १२१५ मध्ये रोममधील चौथ्या लॅटरन परिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा कन्फेशन करावे, असा नियम केला. त्याच नियमात गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून दूर करण्याची शिक्षाही होती.

लाकडी कन्फेशन बॉक्स त्या मानाने अलीकडचा. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी त्याचा आग्रह धरला. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात जाळी असावी आणि भेट चर्चच्या उघड्या भागात, लोकांच्या नजरेसमोर व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे हे खोके गूढ वातावरणासाठी तयार झालेले नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर ती सुरक्षेची व्यवस्था होती : दिसावे सगळ्यांना, ऐकू येऊ नये कुणाला.

पहिल्यांदा कन्फेशनला कोण जाते?

सर्वात मोठा गट मुलांचा. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या कन्फेशनचे आणि कम्युनियनचे वय साधारण सात वर्षांपर्यंत खाली आणले. बरे-वाईट कळू लागले की मूल तयार झाले, हा त्यामागचा विचार. सध्याच्या चर्च कायद्यातही सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला समज आली असे गृहीत धरतात आणि पहिल्या कम्युनियनआधी कन्फेशन व्हावे, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात धर्मशिक्षणाचे वर्ग पूर्ण करून मुले प्राथमिक शाळेच्या वयात ते करतात.

दुसरा गट मोठ्या माणसांचा. मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधीच्या आयुष्याचे कन्फेशन करावे लागत नाही, कारण बाप्तिस्म्यानेच सर्व पापे धुतली जातात असे चर्च मानते. त्याचे पहिले कन्फेशन बाप्तिस्म्यानंतर होते. दुसऱ्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला माणूस कॅथलिक होतो, तेव्हा त्याने आधी कन्फेशन करणे अपेक्षित असते.

तिसरा गट कुठल्याही नियमात नाही, पण चर्चच्या दारात तो नेहमी दिसतो. लहानपणी एकदा-दोनदा जाऊन नंतर वीस-तीस वर्षे न फिरकलेली ही माणसे. नाताळ, ईस्टरआधीचा उपवासकाळ किंवा गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाच्या निमित्ताने ती पुन्हा रांगेत उभी राहतात. काय म्हणायचे ते विसरलेले असते आणि धाकधूक मुलांपेक्षा जास्त असते. त्यांच्यासाठी ते पहिल्यासारखेच असते.

त्या पाच-दहा मिनिटांत काय होते?

आधी माणूस शांत बसून स्वतःची झाडाझडती घेतो. दहा आज्ञा समोर ठेवून किंवा घर, काम, पैसा, बोलणे अशा क्रमाने मागचे आठवले जाते. मग जाळीआडून किंवा समोरासमोर बसून बोलता येते. जाळी असलेली जागा उपलब्ध असावी, असे चर्च कायदा सांगतो.

क्रूसाची खूण करून आशीर्वाद मागायचा, शेवटचे कन्फेशन कधी झाले ते सांगायचे. पहिलेच असेल तर तसे सांगायचे. मग पापे. गंभीर पाप असेल तर ते कोणते आणि साधारण किती वेळा घडले हे सांगणे अपेक्षित असते. सविस्तर कहाणीची गरज नसते. ‘त्याने मला असे म्हटले, म्हणून मी तसे केले’ या वळणावर बोलणे गेले, की अनुभवी फादर हळूच सांगतात, तुमच्यापुरते बोला.

त्यानंतर फादर दोन शब्द सांगतात आणि प्रायश्चित्त देतात. ते बहुतेक वेळा एखादी प्रार्थना, कुणाची माफी मागणे किंवा एखादे सत्कृत्य असते. चोरी केली असेल तर चोरलेले परत करणे, खोटे पसरवून कुणाचे नाव खराब केले असेल तर ते दुरुस्त करणे हे माणसाचे कर्तव्य उरतेच. ‘सांगितले आणि सुटलो’ हा कन्फेशनबद्दलचा सर्वात मोठा गैरसमज आहे. शेवटी पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली जाते आणि फादर क्षमेचे शब्द उच्चारतात. यासाठी शुल्क नसते, नोंदवहीत नाव लिहिले जात नाही.

प्रार्थना पाठ नसली तर अडत नाही. स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या भाषेत बोलले तरी चालते. हा नियम फादर, बिशप, सगळ्यांना लागू आहे. मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्स बॅसिलिकात लोकांचे कन्फेशन ऐकण्याआधी स्वतःच एका धर्मगुरूसमोर सर्वांदेखत गुडघे टेकून बसले होते.

फादर काहीही विचारू शकतात का?

नाही. प्रश्न विचारताना समजूतदारपणा आणि सावधपणा ठेवावा, समोरच्याचे वय आणि परिस्थिती लक्षात घ्यावी आणि पापात सहभागी असलेल्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव विचारू नये, असे चर्च कायद्यात लिहिलेले आहे. कन्फेशनचा आडोसा घेऊन लैंगिक गैरवर्तनासाठी गळ घालणे हा चर्चच्या कायद्यात स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा असून त्यासाठी धर्मगुरुपद काढून घेण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

आपल्याला हव्या त्या फादरकडे जाण्याचे स्वातंत्र्यही प्रत्येकाला आहे. आपल्याच पॅरिशमधल्या, रोज भेटणाऱ्या फादरसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या चर्चमध्ये जाता येते. मुंबईत अनेक जण तसे करतात आणि त्यात गैर काही नाही.

गुप्ततेचे बंधन किती कडक?

कन्फेशनमध्ये ऐकलेले धर्मगुरूने शब्दाने किंवा इतर कुठल्याही मार्गाने, कोणत्याही कारणासाठी उघड करायचे नसते. थेट भंग करणारा धर्मगुरू त्या क्षणीच चर्चमधून बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमकडे राखून ठेवलेला आहे. ऐकलेल्या माहितीचा वापर त्या व्यक्तीचे नुकसान होईल असा करायलाही बंदी आहे, मग गुपित फुटो वा न फुटो. दुभाषी किंवा चुकून कानावर पडलेली व्यक्ती यांनाही गुप्तता पाळावी लागते.

डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित दंड-नियमांत मोबाइलच्या काळाचीही दखल आहे. कन्फेशनमधले बोलणे कुठल्याही यंत्राने रेकॉर्ड करणे किंवा ते माध्यमांतून पसरवणे हा चर्चच्या दृष्टीने शिक्षापात्र गुन्हा आहे.

आल्फ्रेड हिचकॉकच्या १९५३ च्या ‘आय कन्फेस’ या चित्रपटाची कथा याच बंधनावर उभी आहे. खुनी कन्फेशनमध्ये कबुली देतो, संशय फादरवर येतो आणि फादर तोंड उघडू शकत नाही.

भारतीय कायदा हे बंधन मानतो का?

इथे चर्चचा कायदा आणि देशाचा कायदा वेगळे होतात. भारतीय पुरावा कायदा, १८७२ मध्ये वकील-अशील आणि पती-पत्नी यांच्यातील संवादाला संरक्षण होते. धर्मगुरूसमोर दिलेल्या कबुलीसाठी तशी स्वतंत्र तरतूद नव्हती. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा आणखी स्पष्ट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. धर्मगुरूंना यातून वेगळी सूट दिलेली नाही. म्हणजे असे काही कन्फेशनमध्ये कानावर आले तर फादरसमोर एकीकडे चर्चचा बहिष्कार आणि दुसरीकडे फौजदारी कायदा, असा पेच उभा राहतो.

यावरून वाद कुठे झाले?

२०१८ मध्ये केरळमध्ये मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर, एका महिलेच्या कन्फेशनमधील माहितीचा वापर करून तिचे लैंगिक शोषण केल्याचे आरोप झाले. हे चर्च कॅथलिक नाही, मात्र तिथेही कन्फेशन आहे. त्यानंतर राष्ट्रीय महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्ष रेखा शर्मा यांनी कन्फेशनची पद्धतच बंद करण्याची शिफारस केली. कॅथलिक बिशप परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष आणि मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी तिला तीव्र विरोध केला. केरळ उच्च न्यायालयानेही कन्फेशनविरोधातील याचिका फेटाळली.

ऑस्ट्रेलियात प्रश्न वेगळ्या बाजूने आला. संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने २०१७ मध्ये, असा अत्याचार कन्फेशनमध्ये कळला तरी तो कळवण्याची सक्ती असावी, असे सुचवले. व्हिक्टोरियाने २०१९ मध्ये आणि क्वीन्सलँडने २०२० मध्ये तसे कायदे केले. गुप्तता गेली तर गुन्हेगार बोलणारच नाही, असा चर्चचा युक्तिवाद. गुप्ततेमुळे मुले असुरक्षित राहतात, असा कमिशनचा.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पद्धतच बंद करणे हा मात्र उपाय दिसत नाही. जी गोष्ट श्रद्धेने आणि स्वेच्छेने केली जाते ती सरकारी शिफारशीने थांबत नाही. ती फक्त नजरेआड जाते, आणि नजरेआड गैरवापर जास्त सोपा असतो.

मग गुप्तता पाळायची कुणी?

या सगळ्या चर्चेत सर्वात महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. कन्फेशनचे गुप्ततेचे बंधन ऐकणाऱ्यावर आहे. आपले पाप किंवा फादरांनी काय विचारले, काय सांगितले हे कन्फेशन करणाऱ्याने घरी येऊन आईला, मित्राला, पोलिसांना सांगायला कोणतीही बंदी नाही.

मोठ्यांना हे कदाचित माहीत असेल. आठ वर्षांच्या मुलाला माहीत असते का? त्याला वर्गात शिकवले जाते की कन्फेशन गुप्त असते. हे वाक्य इथेच थांबले तर मूल त्याचा सरळ अर्थ काढते : इथे जे झाले ते कुणालाच सांगायचे नाही. हा अर्थ चुकीचा आहे आणि धोक्याचाही. मुलांवर अत्याचार करणारा माणूस, तो कुठल्याही धर्माचा किंवा व्यवसायाचा असो, सर्वात आधी ‘हे आपल्या दोघांतले गुपित’ असेच सांगतो.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्या मुलावर कुणी अत्याचार केला आहे, ते अनेकदा स्वतःलाच दोषी समजते आणि ती गोष्ट ‘पाप’ म्हणून कन्फेशनमध्ये सांगू शकते. अशा वेळी काय करायचे, याबद्दल व्हॅटिकनच्या २०१९ च्या एका टिपणात मार्गदर्शन आहे. पीडित व्यक्ती समोर असेल तर तिला तिचे हक्क आणि तक्रार करण्याचे मार्ग समजावून सांगणे हे फादरचे काम आहे. ‘ही तुझी चूक नाही, हे बाहेर येऊन आईला सांग’ एवढे म्हणायला गुप्ततेचा कोणताही नियम आड येत नाही.

म्हणून पहिल्या कन्फेशनच्या तयारीत दहा आज्ञांच्या बरोबरीने एक वाक्य असायला हवे : फादर कुणाला सांगणार नाहीत, पण तू कुणालाही सांगू शकतोस, सांगू शकतेस. धर्मशिक्षणाच्या वर्गात, पालकसभेत आणि सरावाच्या दिवशी हे स्पष्ट शब्दांत सांगितले, तर गुप्ततेचे पावित्र्य तसूभरही कमी होत नाही आणि मुलाच्या हातात एक संरक्षण येते. त्यासाठी रोमची परवानगी लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही.

मोबाइलवर किंवा ‘एआय’समोर कन्फेशन चालते का?

चर्चचे उत्तर स्पष्ट नकार आहे. २०११ मध्ये कन्फेशनच्या तयारीसाठी एक आयफोन ॲप आले आणि त्याला अमेरिकेतील एका बिशपची मान्यताही होती. तेव्हाच व्हॅटिकनने स्पष्ट केले, की ॲप तयारीला मदत करू शकते, कन्फेशनची जागा घेऊ शकत नाही. करोनाकाळातही फोनवरून कन्फेशनला परवानगी मिळाली नाही. धर्मगुरू मिळत नसेल तर मनापासून पश्चात्ताप करून देवाशी थेट बोला आणि शक्य होईल तेव्हा कन्फेशनला जा, असे मार्च २०२० मध्ये सांगण्यात आले. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथे एका चर्चने कन्फेशन बॉक्समध्ये येशूच्या रूपातला एआय अवतार बसवला, तोही केवळ संवादाचा प्रयोग म्हणून.

हा प्रश्न कॅथलिकांपुरता राहिलेला नाही. रात्री दोन वाजता चॅटबॉटला मनातले सांगणारे सर्व धर्मांचे आहेत. जुलै २०२५ मध्ये ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच एका पॉडकास्टमध्ये म्हटले, की डॉक्टर किंवा वकिलाशी झालेल्या बोलण्याला जे कायदेशीर संरक्षण मिळते ते चॅटजीपीटीशी झालेल्या बोलण्याला नाही. चॅटबॉटशी झालेला संवाद कुठल्या तरी सर्व्हरवर साठू शकतो. जाळीपलीकडच्या फादरकडे सर्व्हर नसतो, आणि वचन मोडले तर त्याला स्वतःला काहीतरी गमवावे लागते. कन्फेशनवर श्रद्धा नसलेल्यालाही हा फरक समजण्यासारखा आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आणि पालकांनी काय लक्षात ठेवावे?

मोठ्यांसाठी : ‘माझी पहिलीच वेळ आहे’ किंवा ‘खूप वर्षांनी आलो आहे’ एवढे सांगितले की पुढचे फादर सांभाळून घेतात. मोबाइल बंद ठेवावा. स्वतःपुरते बोलावे, इतरांची नावे घेऊ नयेत. एखादा प्रश्न खटकला तर उत्तर न देता उठून येण्याचा हक्क आहे.

पालकांसाठी : ‘आत काय सांगितलेस?’ असे मुलाला खोदून विचारू नये. तो त्याचा खासगी भाग आहे. त्याऐवजी ‘कसे वाटले, काही विचित्र वाटले का?’ असे विचारावे आणि ऐकून घ्यावे. मुलांचे कन्फेशन चर्चमध्ये, सर्वांना दिसेल अशा जागी होते आहे ना, हे पाहावे; बंद खोलीत होत असेल तर विचारणा करावी. तसा आग्रह बोरोमिओंनीही साडेचारशे वर्षांपूर्वी धरला होता. शंका आली तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे आणि पोलीस आहेत.

चूक मान्य करायला हिंमत लागते, ती मोठ्याने बोलायला आणखी जास्त. सात-आठ वर्षांचे मूल हे पहिल्यांदा शिकते तेव्हा दोन गोष्टी त्याच्याबरोबर घरी यायला हव्यात : चूक सांगितली म्हणून आपण वाईट ठरत नाही, आणि आपल्याशी चुकीचे वागणाऱ्याचे गुपित आपण सांभाळायचे नसते. पहिली गोष्ट चर्च मन लावून शिकवते. दुसरी शिकवण्याची जबाबदारी चर्च, शाळा आणि घर या तिघांची आहे.